शनिवारच्या भोंडल्याबद्दल सूचना

मैत्रिणींनो, येत्या शनिवारी संध्याकाळी 5 वाजता गच्चीवर भोंडला आहे. हस्ताचा पाऊस आलाच तर खाली पार्किंगमध्ये. पाटावरचा हत्ती यंदा तांदळाने रेखायचा आहे, त्यासाठी दोघीतिघींनी 4 वाजताच यावे.

• खिरापत घरी केलेली, झाकलेल्या डब्यात आणा. काय केले ते आधी कुणाला सांगू नका, खरी मजा ओळखण्यात असते. फक्त शेंगदाणे घातले असतील तर मला आठवणीने कळवा; दोन मुलींना ते चालत नाहीत.

• गाणी मोबाइलवर लावायची नाहीत. आजी-काकूंनी म्हणायची, मुलींनी मागून. त्यांना पाठ असलेली कितीतरी गाणी आमच्या पिढीलाच येत नाहीत, म्हणून मुलींना नक्की घेऊन या.

• वाट्या-चमचे घरूनच आणा.