‘आरएक्स-७’चे इंजिन नाहक बदनाम

महोदय,

रविवार पुरवणीतील जपानी स्पोर्ट्स कारवरच्या लेखात माझदाच्या ‘आरएक्स-७’ची बोळवण एका वाक्यात केली आहे : रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारे) नाजूक, म्हणून गाडीचे उत्पादन बंद झाले. इंजिन बिघडणे आणि कारखान्यात गाडी बनणे थांबणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची कारणेही निराळी आहेत.

माझदाने १९६१ मध्ये जर्मनीच्या एनएसयू कंपनीकडून या इंजिनाचा परवाना घेतला, तेव्हा ते नाजूक होते हे खरे. रोटरच्या टोकांवरच्या, वायू अडवणाऱ्या एपेक्स सील पट्ट्या हाउसिंगच्या, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाच्या, आतल्या भिंतीवर चरे पाडत. हिरोशिमातले माझदाचे अभियंते त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. केनिची यामामोतो यांच्या चमूने कार्बन-ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वापरून तो प्रश्न सोडवला आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी गाडी रस्त्यावर आली. पहिली आरएक्स-७ त्यानंतर ११ वर्षांनी, १९७८ मध्ये आली. तिन्ही पिढ्या मिळून ८,११,६३४ गाड्या बनल्या. नाजूक मालाचा एवढा खप होत नाही.

१९९१ च्या तिसऱ्या पिढीत, म्हणजे ‘एफडी’त, ६५४ सीसीचे दोन रोटर आहेत, म्हणून कागदावर १३०८ सीसी. पण शाफ्टच्या दर फेरीला प्रत्येक रोटर एक ज्वलन देतो. चार-स्ट्रोक पिस्टनला त्यासाठी दोन फेऱ्या लागतात. त्यामुळे तिची तुलना १३०० सीसीच्या गाडीशी करणे चूक आहे. जपानचे करखातेसुद्धा रोटरीची सीसी दीडपट धरते!

‘एफडी’ची इंजिने जातात ती बहुधा आजूबाजूच्या गोष्टींमुळे. तिला इंजिनात हवा दाबून भरणारे दोन टर्बो : पहिला कमी फेऱ्यांवर, दुसरा साधारण ४५०० आरपीएमला जोडीला येतो. हा बदल घडवणाऱ्या रबरी व्हॅक्यूम नळ्यांचे जाळे इंजिनाच्या उष्णतेत वाळून कडक होते. एखादी निसटली की मधेच टर्बोचा दाब कोसळतो. कूलंटमधली (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातली) हवा वेगळी करणारी प्लास्टिकची छोटी टाकी तडकते, पाणी कमी होते, इंजिन तापते आणि हाउसिंगमधली कूलंट सील जाते. टाकी ॲल्युमिनियमची बसवली की हा रोग संपतो.

सर्वांत जास्त बळी मात्र हौसेने घेतले आहेत. टर्बोमागचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून मोकळा पाइप लावला की लहान वेस्टगेटला (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेला) वायू आवरत नाही आणि दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे चढतो. इंधन तेवढेच राहिले की मिश्रण पातळ होते, नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकणे) सुरू होते आणि एपेक्स सील तुटते. तो तुकडा एक्झॉस्टमधून टर्बोची पातीही फोडतो. दोष सीलचा निघतो, पाइप लावणारा सुटतो.

जपान-ऑस्ट्रेलियात राहणारे काही मराठी वाचक ही गाडी जुनी घेतात, त्यांच्यासाठी थोडे. कॉम्प्रेशन (इंजिन आतली हवा किती दाबते ते) तपासा, पण इंजिन गरम असताना, थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडून आणि भरलेल्या बॅटरीवर. साधा गेज रोटरच्या तीन बाजूंपैकी फक्त सर्वांत चांगल्या बाजूचा आकडा दाखवतो. गेजच्या आतला व्हॉल्व्ह काढून काटा पाहा, त्याचे तीन ठोके सारखे हवेत. एक ठोका बारीक आला तर गाडी सोडून द्या. इंजिन थोडे ऑइल पिणारच, कारण सीलला वंगण मिळावे म्हणून पंप ते मुद्दाम आत सोडतो. पेट्रोल भरताना डिपस्टिक पाहावी. थंड गाडी चार हात पुढे घेऊन लगेच बंद करू नये. थंड इंजिनात सोडले जाणारे जास्तीचे पेट्रोल सीलवरचे ऑइल धुऊन टाकते, कॉम्प्रेशन जाते आणि गाडी पुन्हा सुरू होत नाही. स्पार्क प्लगची अदलाबदलही महागात पडते : खालचा ७ नंबरचा, वरचा ९ चा.

आता शेवटाबद्दल. महागडी स्पोर्ट्स कार घेणारेच अर्थव्यवस्थेचा बुडबुडा फुटल्यानंतरच्या जपानमध्ये घटले होते, अमेरिकेतली विक्री १९९५ च्या मॉडेलवर थांबली होती. त्यात धुराचे नवे नियम आले. रोटरीची ज्वलनाची जागा लांबट आणि चपटी असते, कोपऱ्यातले इंधन न जळता बाहेर जाते, म्हणून तिला हे नियम जड गेले हे मान्य. पण ऑगस्ट २००२ मध्ये आरएक्स-७ संपली त्याच महिन्यात टोयोटाची सुप्रा आणि निस्सानची स्कायलाइन जीटी-आरही संपली. त्या दोन्ही गाड्यांत पिस्टनच होते.

रोटरीही तिथे संपली नाही. आरएक्स-८ मध्ये ती २०१२ पर्यंत होती. २०२३ पासून एमएक्स-३० या गाडीत ८३० सीसीचा एकच रोटर चाके न फिरवता बॅटरीसाठी वीज बनवतो. त्याची एपेक्स सील २ ऐवजी २.५ मिलिमीटर जाडीची केली आहे.

– एक वाचक, चिंचवड