बॅटरी थकली, लॅपटॉप नव्हे

महोदय,

माझा लॅपटॉप सात वर्षांचा आहे. चार्जर काढला की पाऊण तासात मान टाकतो. घरचे म्हणतात, नवाच घ्या. पण पडदा, कीबोर्ड ठणठणीत आहेत. बॅटरीचा अहवाल काढला, तर मूळ क्षमता ५० वॅट-तास, आता जेमतेम ९. लिथियम-आयन बॅटरी काही शे चार्ज-फेऱ्यांत थकतेच, त्यासाठी अख्खं यंत्र का टाकायचं?

परवा टचपॅड किंचित वर आलेला दिसला, तेव्हा मात्र लॅपटॉप तत्काळ बंद केला. खालची बॅटरी फुगली की टचपॅड असा वर येतो, आणि फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. तिथे चालढकल नको. नवी बॅटरी बसवतोय, जुनी ई-कचऱ्यात देणार. कंपन्यांना कळकळीची विनंती: बॅटरी डिंकाने चिकटवू नका, स्क्रूने बसवा.

– एक वाचक