हात वर केला की थांबायचं

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी सोहमची आई, लालबागची. श्रावणात दोन शनिवार आम्ही तुमच्या दादरच्या दवाखान्यात आलो होतो, आणि दुसऱ्या शनिवारी तुम्ही सोहमची किडलेली दाढ लेझरने साफ करून भरलीत. त्या दिवशी निघताना तुमच्याशी धड बोलता आलं नाही. बाहेर पेशंट ताटकळले होते आणि माझाही गळा दाटून आला होता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. माझ्यासारख्या आणखी आया असतील.

सोहम सात वर्षांचा आहे. मंडळासमोर ताशे कडाडतात तेव्हा अगदी पुढे जाऊन उभा राहणारा पोरगा. पण समोरच्या चाळीच्या पुनर्विकासाचं ड्रिल सुरू झालं, की दोन्ही कान दाबून मोरीत जाऊन बसायचा. हे गेल्या वर्षापासूनचं. एका दवाखान्यात त्याच्या किडलेल्या दाढेला कोरायचं फिरतं मशीन लावलं होतं. आधी 'अजिबात दुखणार नाही' म्हणून सांगितलं आणि मग दुखलं. तो रडायला लागला तसे दोघांनी त्याचे खांदे दाबून धरले. त्यातली एक मी होते. जिना उतरताना तो म्हणाला, "आई, तू पण खोटं बोललीस." त्यानंतर दात दाखवायचं नाव काढलं की तोंड घट्ट मिटायचा.

शेजारीपाजारी म्हणायचे, दुधाचेच दात, पडणारच आहेत. मीही तेच धरून बसले होते. तुम्ही एक्स-रे उजेडासमोर धरून मला दाखवलंत, की ही मागची दाढ पडायला दहा-बारा वर्षांचं वय उजाडतं, तोवर तिनेच खालच्या पक्क्या दाताची जागा राखायची असते. कीड अजून दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचलेली नाही, हेही तेव्हाच सांगितलंत. ती पोहोचली असती तर साधं सिमेंट भरून भागलं नसतं.

त्या पहिल्या शनिवारी तुम्ही एकही हत्यार हातात घेतलं नाहीत, हे मी कधी विसरणार नाही. तुम्ही त्याच्याशी बोललात. माझ्याशी नाही, त्याच्याशी. "या लेझरमध्ये फिरणारी सुई नसते. उजेड असतो, पण डोळ्याला न दिसणारा. किडलेल्या भागात पाणी जास्त असतं, ते पाणी हा उजेड शोषून घेतं, क्षणात त्याची वाफ होते आणि किडीचा बारीकसा कण उडतो. लाह्या फुटतात ना, तसा टपटप आवाज येईल. गार पाण्याचा फवारा लागेल. मधेच टोचल्यासारखंही होईल, तेव्हा हात वर कर. मी पेडलवरचा पाय काढला की सगळं बंद."

'टोचल्यासारखं होईल' असं तुम्ही म्हणालात तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आता हा पळणार, असंच वाटलं. त्याने मात्र वाकून खुर्चीखालचं पेडल नीट बघून घेतलं.

मी हळूच विचारलं होतं, हे काही नवीन प्रयोग तर नाहीत ना? त्यावर तुम्ही रागावला नाहीत. दात कोरायला चालणाऱ्या या अर्बियम प्रकारच्या लेझरला अमेरिकेत १९९७ सालीच मंजुरी मिळाली आहे, हे सांगितलंत. पैसे नेहमीच्या भरण्यापेक्षा जास्त पडतील, वेळही जास्त लागेल, आणि प्रत्येक वेळी इंजेक्शनशिवाय निभावतंच असं नाही, हेही आधीच बोललात. जाहिरातीत यातलं काही नसतं.

दुसऱ्या शनिवारी त्याला, मला, तुमच्या मदतनीस ताईंना, सगळ्यांनाच चष्मे. मी त्याच्या पायाशी उभी होते. टप टप टप सुरू झालं आणि चौथ्या की पाचव्या सेकंदाला त्याने हात वर केला. आवाज थांबला. तुम्ही 'काय झालं?' एवढंच विचारलंत. तो म्हणाला, "काही नाही." पुन्हा सुरू, पुन्हा हात वर, पुन्हा बंद. असं त्याने तीनदा केलं. दुखत नव्हतं मॅडम, तो तुमचा शब्द तपासत होता, आणि तुम्ही तो तीनही वेळा पाळलात. बाहेर एवढी गर्दी असताना! त्यानंतर त्याच्या पायाची आखडलेली बोटं सैल पडत गेली, ती मी पाहिली. तळाची मऊ कीड तुम्ही छोट्या चमच्यासारख्या हत्याराने खरवडून काढलीत, दाताच्या रंगाचं सिमेंट भरलंत आणि निळ्या दिव्याने ते घट्ट केलंत. इंजेक्शन लागलं नाही. लागलं असतं तरी मला आता वाटतं, त्याने घेतलं असतं.

समोरचं ड्रिल अजून चालूच आहे. सोहम खिडकी लावून घेतो आणि अभ्यासाला बसतो. मोरीत गेलेला नाही.

लेझर चांगलंच आहे, त्यात फिरत्या मशीनची थरथर नाही. पण मशीन कुठलंही असो, पोराच्या हाताकडे लक्ष ठेवून पाय उचलणारं माणूस हवं. एवढ्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

आणि माझं. जाता जाता तुम्ही माझीही खालची दाढ पाहिलीत. वीस वर्षांपूर्वी त्यात भरलेली चांदी कडेने सुटली आहे, खाली कीड आहे. मी आशेने लेझरचं विचारलं, तर तुम्ही सरळ नाही म्हणालात. चांदीवर ते चालत नाही, ती फिरत्या मशीननेच काढावी लागेल. येत्या मंगळवारची साडेसहाची वेळ घेतली आहे. सोहम सोबत येणार आहे. हात केव्हा वर करायचा, ते त्याने मला दोनदा करून दाखवलं आहे.

आपली,
सोहमची आई
लालबाग, मुंबई