पाचशे डॉलरची नोंद

ती. आई-बाबांस सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही जन्मभर जमाखर्च लिहिलात, म्हणून अमेरिकन फुटबॉलच्या पहिल्या पगारी खेळाडूची हकिगत वहीच्या बाजूनं सांगते.

विल्यम हेफेलफिंगर, टोपणनाव 'पज'. येल विद्यापीठाचा गार्ड, म्हणजे चेंडू मागं देणाऱ्याच्या शेजारी उभं राहून समोरच्यांना रेटणारा गडी. १८८९ ते १८९१ सलग तीन वर्षं देशातल्या सर्वोत्तम अकरांत. तेव्हा समोरचे एकमेकांना धरून पाचरीसारखे चालून येत. हा गुडघे छातीशी घेऊन पाचरीच्या टोकावरच्या गड्यावर उडी टाकायचा. टोक कोसळलं की मागचे आपोआप अडखळत. (आई, डोक्याला हेल्मेट नाही. कल्पनाच कर.)

क्लब नावाला हौशी. पैसे घेणारा बदनाम, म्हणून पळवाटा: बक्षीस म्हणून सोन्याचं घड्याळ द्यायचं, खेळाडूनं ते गहाण टाकायचं, क्लबनं सोडवून पुढच्या सामन्याला तेच पुन्हा द्यायचं!

१२ नोव्हेंबर १८९२. पिट्सबर्ग ॲथलेटिक क्लबविरुद्ध ॲलेघेनी ॲथलेटिक असोसिएशननं पजला उतरवलं. समोरच्यांनी भाड्याचे गडी म्हणून इतका वाद घातला की उजेड पुरेना. प्रत्येक डाव तीस मिनिटांवर आणावा लागला. पजनं प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू उडवला, उचलला आणि थेट रेषेपार धावला. टचडाउनला तेव्हा चारच गुण. निकाल ४-०.

आता ॲलेघेनी क्लबची वही. जमा १,६८३.५० डॉलर. खर्च: पाहुण्या संघाला ४२८, मैदानभाडं ५०, बाहेरून आणलेल्या तिघांचा प्रवासखर्च ७५, त्यांचं हॉटेल ९, आणि 'हेफेलफिंगर, खेळण्याबद्दल, रोख' ५००. एकूण १,०६२, नफा ६२१.५०. बेरीज जुळते, मी दोनदा केली. मैदानभाडं, हॉटेल चेकनं आणि पाचशे मात्र रोख, हे तुमच्या नजरेतून सुटलं नसणार. पण ज्यानं लिहिलं त्यानं 'किरकोळ' म्हणून दडवलं नाही, म्हणून तर आज कळतंय. पजनं स्वतः कधी कबूल केलं नाही. तो १९५४ साली वारला आणि कागद त्यानंतर उजेडात आला.

बाबा, पुढच्याच आठवड्यात याच क्लबनं त्या तिघांतल्या डॉनेलीला २५० डॉलर देऊन खेळवलं. तो सामना ८-० असा हरले.

तुमची,
मनू