गिनी पिगला जर्मनमध्ये शब्द दोन

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंग्रजीतल्या प्राण्यांच्या नावांचं जर्मन करताना मुलांचा सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘गिनी पिग’पाशी, म्हणून हे पत्र. मोबाईलवर शब्द टाकला की पहिलं उत्तर येतं ‘मेअरश्वाइन्शेन’. चूक नाहीये, पण ते त्या प्राण्यासाठी. ‘आमच्यावर औषधाचे प्रयोग केले, आम्हाला गिनी पिग बनवलं’ असं म्हणायचं असेल तर जर्मन माणूस म्हणतो ‘फेअरझूख्सकानीन्शेन’, म्हणजे प्रयोगाचा ससा. तिथे मेअरश्वाइन्शेन घातलं की ऐकणाऱ्याला पिंजऱ्यात गवत खाणारा गुबगुबीत पाळीव प्राणी दिसतो आणि वाक्यातला राग कुठच्या कुठे जातो.

आणि मराठीत आपण हा शब्द वापरतो तोच मुळी माणसांसाठी, प्राणी बघितलेला असतोच असं नाही, त्यामुळे आपल्या मुलांच्या डोक्यात आधी दुसरा अर्थ असतो आणि डिक्शनरी हातात पहिला ठेवते.

आता नाव बघा, मला हे फार आवडतं. मेअर म्हणजे समुद्र, श्वाइन म्हणजे डुक्कर आणि शेवटचं शेन लागलं की छोटं, म्हणजे समुद्री छोटं डुक्कर! प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजचा, तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी पाळलेला, सोळाव्या शतकात जहाजांतून युरोपात आला. डुक्कर नाहीच तो, उंदराखारींसारखा कुरतडणारा प्राणी आहे, पण प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये याला नाव देताना जे पोर्सेलस लावलं त्याचाही लॅटिनमध्ये अर्थ डुकराचं पिल्लू. इंग्रजीतला गिनी तर आफ्रिकेतला, त्यापेक्षा जर्मन नाव बरं, निदान समुद्र तरी खरा आहे.

ससा का, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात, कारण बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू जगासमोर मांडला तेव्हा त्याच्या प्रयोगात गिनी पिगच होते. पण लॅबमध्ये ससेही वापरायचेच, आणि बोलण्यात बसला तो ससा. स्पॅनिशमध्ये तर या प्राण्याचं एक नावच ‘इंडीजचा (म्हणजे अमेरिकेचा) छोटा ससा’ असं आहे आणि माणसावर प्रयोग झाला तरी तेच नाव चालतं.

सगळीकडे असंच होतं असं नाही. माउस म्हणजे उंदीरही आणि कॉम्प्युटरचा माउसही, जर्मनमध्ये दोन्हीला ‘माउस’च. क्रेनचं मात्र फुटतं, पक्षी ‘क्रानिश’ आणि यंत्र ‘क्रान’, जसं आपल्याकडे क्रौंच आणि क्रेन. नियम काढून पाठ करता येत नाही, प्रत्येक शब्द वाक्यात बघावा लागतो.

तेव्हा एक विनंती. परकीय भाषांवर मजकूर छापाल तेव्हा नुसत्या शब्दांच्या जोड्या देऊ नका, एकेका अर्थाला एकेक वाक्य द्या, जागा कमी असेल तर शब्द निम्मे करा.

आपली,
एक जर्मन शिक्षिका