कट्टा हाती येण्याआधीचे चित्रीकरण कुठे आहे?

महोदय,

‘गावठी कट्ट्यासह एकास अटक’ ही बातमी आपल्या जळगाव-धुळे आवृत्तीत इतक्या वेळा येते की तिचा मजकूरही वाचकांच्या ओळखीचा झाला आहे. गोपनीय माहिती मिळते, पथक सापळा रचते, संशयिताच्या कमरेला खोचलेला कट्टा आणि खिशातली जिवंत काडतुसे हस्तगत होतात, शेवटी मुद्देमालाची किंमत. चोपड्याहून सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर आणि शिरपूरहून सेंधव्याला जाणाऱ्या महामार्गावर अशा कारवाया होत राहतात. कारण सीमेपलीकडे बडवानी जिल्ह्यातील उमर्टी परिसरात ही शस्त्रे घडवली जातात, हे साऱ्या खान्देशाला ठाऊक आहे. (त्यावरून तिथल्या संपूर्ण समाजाकडे गुन्हेगार म्हणून पाहण्याची आपली सवय मात्र निषेधार्हच आहे.) पोलिसांच्या कष्टांविषयी मला शंका नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. न्यायालयात लिपिक म्हणून नोकरी केल्यामुळे अशा खटल्यांची कागदपत्रे मी जवळून पाहिली आहेत, आणि त्यांतले बरेचसे बळ दोन पंचांच्या सहीवर उभे असते, ही बाब बातमीत कधी येत नाही.

हे पंच पुष्कळदा नेहमीचेच असतात. काही वर्षांनी साक्षीला उभे राहिल्यावर ‘पोलिसांनी सांगितले तिथे सही केली’ असे म्हणून ते फितूर होतात. आणि ‘कट्टा माझ्याकडे नव्हताच, पोलिसांनीच ठेवला’ हा आरोपीचा बचाव खरा असो वा खोटा, तो खोडून काढायला तपासी अंमलदाराच्या शब्दाखेरीज फारसे काही उरत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ३९ नुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतलेली असते, शस्त्र चालू स्थितीत असल्याचा अहवालही आलेला असतो. पण ते शस्त्र कोणाच्या कमरेला होते, हा मूळ मुद्दा या कागदांनी सिद्ध होत नाही.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने यावर उपाय दिला आहे. कलम १०५ प्रमाणे जागेची झडती, वस्तू ताब्यात घेणे, तिची यादी करणे आणि त्यावर साक्षीदारांच्या सह्या होणे या सर्वांचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवणे बंधनकारक आहे. तथापि अटक केलेल्या व्यक्तीची अंगझडती ही संहितेच्या वेगळ्या प्रकरणात, कलम ४९ मध्ये आहे, आणि तिथे चित्रीकरणाची अशी सक्ती नाही. परिणामी, कट्टा कमरेतून निघून टेबलावर आल्यानंतर कॅमेरा सुरू झाला तरी कायद्याच्या अक्षराचे पालन झाले, असे कोणी म्हणू शकेल. परंतु वाद असतो तो नेमका त्याआधीच्या दोन मिनिटांचा. टेबलावरच्या कट्ट्याचे चित्रण म्हणजे हलत्या चित्रातला जुनाच पंचनामा होय.

हाच प्रश्न परवानाधारकांनाही लागू होतो, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवान्याचे पिस्तूल सार्वजनिक ठिकाणी नेताना ते पूर्ण झाकलेले असले पाहिजे. लग्नाच्या वरातीत ते मिरवणे किंवा हवेत बार काढणे यास मनाई आहे. म्हणजे रात्रीच्या नाकाबंदीत थांबवलेल्या गाडीतला परवानाधारक आणि बेकायदा कट्टा बाळगणारा हे दोघेही पोलिसाला सारखेच दिसतात. कलम १९ नुसार परवाना दाखवण्यास सांगण्याचा पोलिसांना अधिकार आहे, आणि शहाण्या परवानाधारकाने शस्त्राला हात न लावता, दोन्ही हात समोर ठेवून, ‘माझ्याजवळ परवान्याचे शस्त्र आहे’ हे विचारण्याआधीच सांगावे. मात्र एवढे सांगूनही भागते असे नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात ६ जुलै २०१६ रोजी फिलँडो कास्टील या परवानाधारकाने गाडी थांबवणाऱ्या पोलिसाला आपल्याजवळ शस्त्र असल्याचे स्वतःहून सांगितले, आणि पुढच्या काही क्षणांत तो गोळ्यांना बळी पडला. पोलिसांच्या गाडीतील कॅमेऱ्याने प्रसंग टिपला होता. पण गाडीच्या आत कास्टीलचा हात कुठे जात होता ते त्यात दिसत नव्हते, आणि २०१७ मध्ये ज्यूरीने त्या पोलिसाला निर्दोष ठरवले. चित्रीकरण असणे आणि नेमकी वादाची गोष्ट चित्रीकरणात असणे यांत किती अंतर आहे, ते या खटल्यात दिसते.

पोलीस चकमकींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या, महाराष्ट्राशीच संबंधित खटल्यात, सविस्तर निर्देश दिले. त्यातला पहिलाच असा की गुन्हेगारांच्या हालचालींची खबर मिळताच ती लेखी वा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात नोंदवावी. ही तरतूद मला फार महत्त्वाची वाटते, कारण घटनेनंतर लिहिलेली नोंद आणि घटनेआधीची नोंद यांची किंमत एक नसते. २००६ मध्ये मुंबईत पोलिसांच्या गोळीबारात मारल्या गेलेल्या लखनभय्याच्या प्रकरणात, चकमक झाल्याचे जाहीर होण्यापूर्वीच मृताच्या वकील भावाने त्याला उचलून नेल्याच्या तारा वरिष्ठांना केल्या होत्या. ती चकमक बनावट असल्याचा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये कायम ठेवला.

नागरिकांसाठीही एक सूचना. पोलीस कारवाईचे चित्रण आपल्या मोबाइलवर झाले असेल, तर ते व्हॉट्सअ‍ॅपवरून गावभर फिरवण्यापेक्षा मूळ फाइल त्याच फोनमध्ये जपून ठेवावी. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्यही, म्हणजे फाइलमध्ये जरासा बदल झाला तरी बदलणारी तिची ओळखखूण, नमूद करावे लागते. पुढे पाठवताना आकुंचन पावलेली फाइल मूळ फाइलशी जुळत नाही. तशा प्रमाणपत्रावाचून पुरावा ग्राह्य धरता येत नाही, हे जुन्या पुरावा कायद्याखाली २०२० मध्ये आपल्या शेजारच्या जालन्याच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेच आहे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या पोलीस अधीक्षकांना माझी विनंती आहे की शस्त्राच्या खबरीवरून निघणाऱ्या प्रत्येक पथकाने संशयिताजवळ पोहोचण्याआधी कॅमेरा सुरू करावा, पंचांची ओळख, अंगझडती आणि मोहोरबंद करणे हे सारे सलग चित्रित करावे, आणि चित्रण सुरू व बंद झाल्याची वेळ पंचनाम्यात लिहावी. कायद्यात अंगझडतीचा उल्लेख नसला तरी असे करण्यास कायद्याची आडकाठीही नाही. खबऱ्याची ओळख उघड होण्याची भीती दाखवली जाईल. पण चित्रण पथक जागेवर पोहोचल्यापासूनचे आहे, खबरीचे नव्हे. संशयिताला ज्या ठाण्यात आणले, तिथल्या सीसीटीव्हीचे त्या रात्रीचे चित्रणही वेगळे काढून ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये असे चित्रण १८ महिने आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जतन करण्यास सांगितले आहे, परंतु आपल्याकडे शस्त्राचे खटले त्यापेक्षा कितीतरी अधिक काळ रेंगाळतात.

आपल्या वार्ताहरांनाही एक सांगणे आहे. पुढच्या वेळी कट्टा पकडल्याची प्रेसनोट हाती येईल, तेव्हा मुद्देमालाच्या किमतीबरोबर चित्रण कोणत्या क्षणापासूनचे आहे आणि ते दंडाधिकाऱ्यांकडे कोणत्या तारखेला गेले, हेही विचारून छापावे.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन लिपिक,
अमळनेर, जि. जळगाव