सादिकैन यांचे अक्षर उलटे पडले

संपादक महोदय,

रविवार पुरवणीत पाकिस्तानी चित्रकार सादिकैन यांच्यावर सविस्तर लेख आला, याचा आनंद झाला. गोव्यात चित्रकलेवर पुष्कळ लिहिले जाते, पण खत्तातीतून, म्हणजे अरबी-उर्दू सुलेखनातून वाढलेल्या चित्रांकडे सहसा कोणी वळत नाही. मात्र लेखातले मोठे चित्र उलटे छापले गेले आहे. वरचे खाली झालेले नाही, डावे-उजवे झाले आहे.

हे ओळखायला अरबी यावी लागत नाही. ‘अल्लाह’ हा शब्द उजवीकडून सुरू होतो. आधी सुटा उभा अलिफ, मग दोन उभे लाम आणि डाव्या टोकाला ‘हे’ची गाठ. छापलेल्या चित्रात गाठ उजवीकडे आहे आणि सुटा दांडा डावीकडे. नस्तालीक या उर्दूच्या तिरप्या लेखनवळणात तर आणखी एक खूण सापडते. शब्द उजवीकडे वरून सुरू होऊन डावीकडे खाली उतरतो. उतार याच्या उलट दिसला तर थांबून पुन्हा पाहावे. मुसन्ना नावाच्या प्रकारात एकच मजकूर सुलटा आणि त्याची आरशातली प्रतिमा असे दोन अर्धे मुद्दाम समोरासमोर मांडतात, तेवढा अपवाद. तिथे सुलटा अर्धा शेजारीच असतो.

चूक बहुधा मांडणीच्या टेबलावर होते. चित्रातल्या आकृतीचे तोंड मजकुराकडे हवे म्हणून फोटो सहज फिरवला जातो. माणसाच्या चेहऱ्याला ते खपते, अक्षराला नाही. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटोही कधी कधी असाच उलटा साठवला जातो. दुसरी चूक कडा कापण्याची. अरबीत बे, ते आणि से यांचे अंग एकच. खाली एक नुक्ता (ठिपका) असेल तर बे, वर दोन असतील तर ते, तीन असतील तर से. वरच्या कडेचा पाव इंच कापला की अक्षर बदलते. आपल्याकडे ‘वंदन’वरचा अनुस्वार कापला तर ‘वदन’ उरते, तसेच हे.

नुक्त्याकडे केवळ ठिपका म्हणून पाहू नये. या कलेची मोजपट्टी तोच आहे. बोरूचे टोक कागदावर पूर्ण टेकवून तिरपे ओढले की शंकरपाळीसारखा चौकोन उमटतो. टोक 3 मिलिमीटर रुंद असेल तर त्याचा कर्ण सुमारे 4.2 मिलिमीटर. असे चौकोन टोकाला टोक लावून एकावर एक ठेवायचे आणि अलिफची उंची मोजायची. नस्तालीकात ती साधारण तीन नुक्ते, नस्ख आणि सुलुस या दुसऱ्या दोन वळणांत अनुक्रमे पाच आणि सात. म्हणजे याच बोरूने सुलुसातला अलिफ जवळजवळ 3 सेंटिमीटर उंच होतो. हे माप दहाव्या शतकातल्या बगदादच्या इब्न मुकला या सुलेखनकाराच्या नावाने ओळखले जाते. लिहिता लिहिता बोरू झिजतो, टोक बोथट होते, नुक्ता पसरतो. हात तोच असूनही अलिफ बुटका दिसू लागतो, कारण मापच फुगलेले असते. मग टोक पुन्हा तासायचे आणि नुक्ता पुन्हा मोजायचा. दौतीत कच्च्या रेशमाचा बोळा ठेवतात तोही यासाठीच. बोरूने शाई जास्त उचलली की चौकोनाचे कोपरे बुजतात. आपल्या पावसाळ्यात खळ दिलेला कागद ओल धरतो आणि शाई कडेने फुटते. तेव्हा जुलै महिन्यात गिरवताना खराब झालेल्या अक्षराचा दोष हाताला देण्याआधी कागद तपासावा.

हे माप डोळ्यांत बसले की सादिकैन यांनी ते कुठे मोडले ते दिसते. लेखात त्यांना ‘आयती (म्हणजे कुराणातली वचने) रंगवणारे चित्रकार’ म्हटले आहे. ते अपुरे आहे. 1930 साली उत्तर प्रदेशातल्या अमरोह्यात, सुलेखनाची परंपरा असलेल्या घरात ते जन्मले आणि फाळणीनंतर पाकिस्तानात गेले. खत्ताती त्यांच्या चित्रांत ठळकपणे आली ती 1960 च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधीच 1961 मध्ये पॅरिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांचा गौरव झाला होता आणि 1967 मध्ये पाकिस्तानातल्या मंगला धरणावर माणसाच्या श्रमावरचे प्रचंड भित्तिचित्र त्यांनी केले होते. कराचीजवळच्या गडानीच्या किनाऱ्यावर त्यांना निवडुंग भेटला. रेताड, खारट जमिनीतून सरळ वर उठणारा, काटेरी. तीच रेघ आधी त्यांच्या माणसांत आली, मग अक्षरांत. त्यांचा अलिफ नुक्त्यांच्या हिशेबापेक्षा कितीतरी उंच जातो आणि टोकाला काट्यासारखा निमुळता होतो. नियम ठाऊक असलेल्या हाताने केलेली ही मोडतोड आहे. तिला ‘नक्षी’ म्हणणे आम्हाला मान्य नाही. गालिब, इक्बाल आणि फैज या उर्दू कवींच्या ओळींवरही त्यांनी चित्रे केली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ते भारतात आले, तेव्हाची भित्तिचित्रे अलीगढ, बनारस आणि हैदराबादला आहेत. 1987 मध्ये कराचीत त्यांचे निधन झाले तेव्हा तिथल्या फ्रिअर हॉलच्या छताचे काम अपुरेच होते.

ही परंपरा गोव्याला परकी नाही. फोंड्याची साफा मशीद आदिलशाहीतली, 1560 ची. त्याच आदिलशाहीच्या विजापुरात इब्राहिम रोझा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर आहे. तिथल्या खिडक्यांच्या जाळ्या दगडात कोरलेल्या अक्षरांच्या आहेत आणि उजेड अक्षरांमधल्या फटींतून आत येतो. गोव्यातल्या कलाविद्यार्थ्यांची सहल तिथे जावी. सोबत मोजपट्टी आणि चौकटीचा कागद न्यावा, एका जाळीतले एकच अक्षर मोजून उतरवावे.

पुरवणीला विनंती एवढीच, की ते चित्र पुढच्या रविवारी सुलटे आणि चारी कडांसह पुन्हा छापावे. त्याखाली चित्राचे माप, माध्यम आणि त्यात लिहिलेल्या ओळीचा मराठी अर्थ द्यावा.

– सुलेखन शिकवणारे दोन शिक्षक, फोंडा